स्प्रॉकेटचा तुटका दात

जमशेदपूर

तीर्थरूप बाबाले रागिणीचा नमस्कार.

मी मजेत आहो. हाताले जरासं भाजलं होतं, आता बरं आहे. आईले सांगू नका.

खाणीतल्या मशीनच्या स्प्रॉकेटसाठी, म्हणजे साखळी ओढणाऱ्या चाकासाठी, पोलाद निवडायचं काम मले देलं होतं. साहेबाचं म्हणणं, आरपार कडक घ्या, दात घासणारच नाही. मी म्हटलं, दात वरून कडक अन् आतून चिवट पायजे. कोणी ऐकेना. मंग तुमी कापसाच्या जिनिंगमधून देलेला चाकाचा तुटका दात टेबलावर ठेवला. त्याच्यावर कानस घसरते इतका तो कडक, तरी ऐन हंगामात तुटला होता. "घासला तं आधी समजते, तुटला तं जिनिंग बंद," हे तुमचंच बोलणं सांगतलं.

दोन्ही पोलादाची चाकं खाणीत लावून पाह्यली. साहेबाचं तिसऱ्या हप्त्यात तुटलं. माह्यं चार महिने झाले, चालूनच राहिलं.

तुमच्या बोटाचे टाके निघाले काय? तोवर कानस हाती घेऊ नका.

मंजुरीच्या कागदावर 'निवडीचा आधार' असा रकाना होता. मी तुमचं नाव लिहिलं, देवीदास फिटर, अकोट. साहेबानं ते दोनदा वाचलं, अन् खाली सही केली.

तुमची लेक,
रागिणी