पंप ताई घेऊन गेली

५ नोव्हेंबर

पंपही नेला तिनं!

सकाळी निघायला गेले तर माझ्या सायकलचं मागचं चाक हवा जाऊन जमिनीला टेकलेलं. जिन्याखाली हात घातला — खिळा आहे, पंप नाही. स्वतःची सायकल टेम्पोत घालून नेली, ते ठीक. पंप दोघींचा होता.

चालत गेले. लॅबमध्ये उशीर. साहेब म्हणाले, "आज दात उशिरा उगवले, बाई?" आम्ही खोटे दात बनवतो. साहेबांचे विनोदही त्याच साच्यातले.

आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. लोकांनी आमच्या लग्नाबद्दल विचारणंही कधीच सोडून दिलं होतं. आणि ऐन पन्नाशीत ताई उठून लग्न करते! नदीपलीकडच्या गावातले गृहस्थ, पोस्टातून निवृत्त. त्यांना भावोजी म्हणताना जीभ अजून अडखळते.

माझ्या सायकलला मी आजवर हवा भरलेली नाही. ताई भरायची, दर रविवारी, दोन्ही सायकलींना. मला वाटायचं, हवा राहतेच.

८ नोव्हेंबर

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले. त्यानं चाक फिरवून पाहिलं, तोंड वाकडं केलं. "चाकाला आउट आलाय, वाकडं फिरतंय, चेन कोरडी. नवी घ्या मॅडम. हिच्यात आता दम नाही."

"दम नाही म्हणूनच हवा भरायला आणलीय," मी म्हटलं.

हसला नाही. नवा पंप घेतला आणि घरी आले. ताई हसली असती.

९ नोव्हेंबर

सुट्टी. संध्याकाळी दुकानात "अर्धा लिटर दूध" म्हणाले तर आवाज घोगरा निघाला. दिवसातलं पहिलं वाक्य होतं.

१४ नोव्हेंबर

ताईचा फोन.

"जेवलीस?" — हो. "सायकल?" — मस्त. "ब्रेकची रबरं बघितलीस का गं? मी निघाले तेव्हाच झिजली होती."

"बघितली," म्हटलं. बघितली नव्हती. आता तर मुद्दामच नाही बघणार.

आवाज दबका होता तिचा. "बरंय इथं," एवढंच. शेजारी कुणी बसलंय, अशी बोलत होती. मला कळतं. जन्मापासून ओळखते मी तिला. नाही रमलेली ती.

१७ नोव्हेंबर

शाळेजवळच्या उतारावर दोन्ही ब्रेक दाबले, सायकल थांबेचना. समोर हातगाडी. कुंपणात घातली. तळहात सोलला, गुडघा फुटला.

औषधाच्या दुकानातल्या माणसानं पट्टी बांधली. "घरी कोण आहे?"

"बहीण," सवयीनं बोलून गेले. मग रडू आलं. गुडघा दुखतोय म्हणून, असं त्याला वाटू दिलं.

२२ नोव्हेंबर

नवी रबरं बसवली. स्वतः!

लॅबमध्ये खोटा दात केसभरही न चुकता घासते मी, आणि हे जमू नये? पहिल्यांदा उलटीच बसवली. रबर ज्या पत्र्यात बसतं त्याची बंद बाजू पुढे हवी, नाहीतर ब्रेक दाबला की रबर निसटतं. ते लोखंडी कड्यावरच टेकायला हवं. वर सरकलं तर टायर खातं, खाली गेलं तर तारांत शिरतं. मग वायर ओढून नट आवळला. अंगणातच दहा वेळा चालवली आणि दहा वेळा थांबवली.

सांगायला कुणी नव्हतं म्हणून इथं लिहिलं.

२८ नोव्हेंबर

पंक्चर. बादलीत ट्यूब बुडवली, बुडबुडे धरले, खरखरीत कागदानं घासलं, सोल्युशन लावलं. ते वाळेपर्यंत दम धरायचा, हे कळेपर्यंत एक ठिगळ वाया गेलं. रात्रीत पुन्हा हवा गुल. पुन्हा ठिगळ. पुन्हा गुल.

शेवटी टायरच्या आतून हळूहळू बोट फिरवलं. काचेचा कण, तांदळाच्या कणीएवढा. तो तिथंच बसून रोज नवं भोक पाडत होता. आधी काटा काढायचा, मग ठिगळ लावायचं.

फोन वाजत होता. हात काळे होते. घेतला नाही.

६ डिसेंबर

लॅबमधल्या हिशेबनीस बाई परवापासून सायकलवर येतात. गुडघे दुखतात म्हणाल्या. सीट इतकी खाली की गुडघे हनुवटीला लागतील! पाना आणला. म्हटलं, "टाच पेडलवर ठेवा. पेडल खाली गेलं की पाय सरळ झाला पाहिजे. आणि चेनला इतकं तेल ओतू नका, धूळ चिकटते. थेंब थेंब सोडा, मग फडक्यानं पुसून काढा."

"बहिणीनं छान शिकवून ठेवलंय तुम्हाला."

"हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

दुपारी त्यांनी डबा माझ्या टेबलावर आणला. मी वाचत बसल्यासारखं केलं. का केलं, कुणास ठाऊक. त्या शेजारी बसून जेवल्या आणि गेल्या.

१० डिसेंबर

ताईची गादी उन्हात घातली. चादर बदलली.

१२ डिसेंबर

ठरलं. रविवारी जाऊन तिला घेऊन यायचं. न कळवता. कळवलं तर "कशाला गं" म्हणेल, आणि त्या माणसासमोर खरं काही बोलणार नाही. समोर उभी राहिले की बोलेल. पन्नाशीत परक्याच्या घरात, परक्या भांड्यांत कोण रमतं? लोक हसतील. हसू देत. आजवर काय कमी हसले.

बसनं नाही जाणार. सायकलनंच. दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून पाहिली, टणक आहेत. चेन जुन्या टूथब्रशनं घासून चकचकीत केली. मागचा दिवा लावून पाहिला. कॅरिअरला पिशवी — जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पाना. पंप दांड्याला बांधला. पुलावर वारा असतो म्हणतात.

तिला काय म्हणायचं, ते मनात घोळवतेय. "चल." बस, एवढंच.

१४ डिसेंबर

पोचले. फाटकाशी उतरले तर घरामागून कुणी बाई मोकळ्या गळ्यानं गात होती. शेजारीण असेल, वाटलं. भावोजी ओट्यावर बसलेले. मला पाहून उठले, ओठांवर बोट ठेवलं. हळूच म्हणाले, "थांबा जरा. कुणी आलेलं कळलं की गप्प होते ती."

ताई होती.

इतकी वर्षं एका छपराखाली काढली. ताई गाते, हे मला माहीत नव्हतं.