ग्रिलच्या सहाव्या बोल्टाबद्दल

मी खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी नापास, बॉयलर दुरुस्ती खात्यात मदतनीस होतो, आता घरी. डोके ठिकाणावर आहे. डावा डोळा अधू आहे आणि हात थरथरतात, पण ते डोक्याच्या हिशेबात धरू नये. मला कोणी धाक घातलेला नाही. घाबरलो आहे तो माझा मी. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करायचे ते लिहून ठेवतो.

एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, मोरी आणि मागचे अंगण, मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. मध्ये भिंत घालू नये. मोरीचा नळ उलटा फिरवला की बंद होतो. तो मीच तसा बसवला आहे, प्लंबरला दोष देऊ नये.

दोन. बँकेत जे उरले असेल ते दोघांना सारखे. माझ्या औषधपाण्यात संपले तर कोणी तोंड वाकडे करू नये.

तीन. हत्यारे. पान्यांचा संच मुलीला. मुलाला त्यातला एकही पाना देऊ नये. अंगणातली गॅसची ग्रिल बघून तो म्हणाला होता, "बाबा, ही भंगारवाल्याला द्या. तोसुद्धा नाक मुरडेल." ती ग्रिल त्याच्या आईची. तिने सोळा वर्षे कारखान्याच्या फाटकासमोर तिच्यावर भाजून लोकांना खाऊ घातले, आणि हा त्याच धुरात वाढला. ती गेल्यावर चार वर्षे ग्रिल गळक्या पत्र्याखाली मीच कुजू दिली, हे खरे आहे. पण ते मी म्हणावे, त्याने नाही.

बारा नंबरचा रिंग पाना अकरा वर्षे मेव्हण्याकडे आहे. मागितला की विचारतो, "कुठला पाना?" तो त्यालाच दिला असे समजावे, म्हणजे माझा जीव त्यात अडकणार नाही.

चार. ग्रिल मुलीला. पॅकिंगची नोकरी सोडून ती उद्या सोमवारपासून नाक्यावर खाण्याची गाडी लावते आहे. तिने मागितले म्हणून मी ग्रिल दुरुस्तीला घेतली. बर्नर आणि गॅसची नळी सहा बोल्टांवर बसलेली असते. सहाही गंजून लोखंडाशी एकजीव झाले होते. रोज सकाळी तेल सोडायचे, हातोडीने हलके ठोकायचे आणि उठून जायचे. गंजलेल्या बोल्टाला घाई चालत नाही. पाच असे निघाले. एकेक निघाला की मुलगी आतून ओरडायची, "किती झाले हो, मिस्त्री?" मला जन्मात कोणी मिस्त्री म्हटले नव्हते.

सहाव्याला मी घाई केली. डोके तुटून हातात आले. आत राहिलेला खुंट ड्रिलने काढायला घेतला. आधी पंच ठोकून मधोमध खूण करायची असते. ती केली नाही. मध्य दिसत नव्हता आणि मुलीला हाक मारायची लाज वाटली. ड्रिल घसरले ते शेजारच्या नळीला लागले. भोक पडले की नुसता चरा, मला कळत नाही. मी त्यावर रंगारी भेगा बुजवायला वापरतात ती लांबी भरली आणि वरून काळा रंग दिला. घरचा सिलिंडर जोडून साबणाचे पाणी लावून पाहिले. एकदा बुडबुडा आला नाही. एकदा आल्यासारखा वाटला, पण चष्मा पुसेपर्यंत फेस वाळला होता.

खुंट शेवटी निघाला आणि सहाही बोल्ट नवे घातले. आता नळी काढून फेकावी, तर ते नवे बोल्ट मी इतके आवळले आहेत की आता माझ्याच्याने हलत नाहीत.

मुलीला सांगायला तीनदा गेलो. पहिल्यांदा ती म्हणाली, "चहा घ्या, मिस्त्री." दुसऱ्यांदा शेजारणीला दाखवत होती, "बघा, आमच्या बाबांनी कशी नवीकोरी केली." तिसऱ्यांदा मी तिला विचारले, जेवलीस का.

म्हणून येथे लिहितो. नळी बदलल्याशिवाय मुलीने ही ग्रिल पेटवू नये.

इथवर लिहिले आणि शेजारचे कंपाउंडर साक्षीच्या सहीला आले. त्यांनी सगळे वाचले.

"काका, हे पाकीट उघडायचं कधी?"

"मी गेल्यावर."

"आणि ग्रिल पेटणार कधी?"

"उद्या."

"मग आज रात्रीच निघायचा बेत आहे का तुमचा?"

मला यात हसण्यासारखे काही दिसले नाही. मी म्हणालो, "तुम्ही सांगता का तिला?"

"मी का? बाप तुम्ही का मी?"

पाच. म्हणून हे पाकीट बंद करू नये. मुलीने हे आधी वाचावे, मी जिवंत असताना. काय बोलायचे ते बोलावे. मिस्त्री म्हणणे बंद केले तरी चालेल. चालणार नाही, पण इलाज नाही.

सही: माझी, वर लिहिल्याप्रमाणे. वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार पहिले: शेजारचे कंपाउंडर. वाचून सही केली.

साक्षीदार दुसरे: समोरचे इस्त्रीवाले. इस्त्री तापत ठेवून आलोय म्हणाले, न वाचता सही केली.

वाचल्याची सही, मुलगी: अजून नाही. ती मोठा सिलिंडर आणायला गेली आहे.

तारीख: चौदा, रविवार, दुपार.

स्थळ: मागचे अंगण, ग्रिलला पाठ लावून स्टुलावर. ती येऊन वाचेपर्यंत उठणार नाही.