पक्ष्यांची पाकिटं

रविवार, १७ नोव्हेंबर, दुपार

दादा,

चौदा वर्षांनी लिहिताना मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून नुसतंच ‘दादा’. तुम्ही तिघं बरी असाल. पत्ता मामांकडून घेतला.

इकडे आहे तसंच आहे. माझं वर्कशॉप चालू आहे. दिवसभर लेथवर उभं राहिलं की हल्ली पोटऱ्या भरून येतात. बाबांची नजर चार वर्षांपूर्वी गेली, काचबिंदूनं. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. दाढी मी करते, डोळ्यांत थेंब मी घालते, आणि ‘दार लावलंस का?’ला दिवसातून दहादा ‘हो’ म्हणते. रडगाणं गात नाहीये. दमलेय, एवढंच.

निमित्त बाबांच्या कॅमेऱ्याचं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई शेवाळाचे फोटो काढतात, त्यांना तो हवाय. बाबा म्हणाले, “देऊन टाक. पण साफ करून दे, आणि जोडणी नीट शिकव.”

ती जोडणी तू पाहिलीच आहेस. त्या कॅमेऱ्यात डोळा बघतो एका खिडकीतून आणि फोटो येतो दुसरीकडून, भिंगातून. माणसांचे फोटो काढताना फरक पडत नाही, पण बाबांच्या नोकरीत, किडींच्या प्रयोगशाळेत, पानावरची कीड जवळून टिपायची म्हटलं की डोक्याविनाच यायची. साहेबांनी नवा कॅमेरा काही मंजूर केला नाही. मग बाबांनी आपलाच कॅमेरा आणि त्याचं भिंग यांच्यामध्ये आरशाची पेटी बसवली. वरच्या धुरकट काचेवर भिंगाला दिसतं तेच दिसायचं. खटका दाबायच्या आधी आरसा हातानं वर करायचा. भिंग आणखी पुढे सरकवायच्या कड्या माझ्या लेथवरच्या. एक कडी घातली की पान, तीन घातल्या की पानावरच्या अंड्यांवरचे केससुद्धा.

तू गेल्यानंतर दोन वर्षांनी बाबांनी कुठून तरी एक लांबचं भिंग आणलं. पेटीनं मधली जागा खाल्ल्यामुळे त्यातून दूरचं काही स्पष्ट दिसेना. त्याची मागची नळी मी कापली, नवे आटे पाडले. “कशाला हवंय?” विचारलं तर म्हणाले, “पक्ष्यांसाठी. निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी करावं.” मग दर वर्षी दोन दिवस पिशवी घेऊन जायचे, कपडे धुळीनं माखवून यायचे. मला बरंच वाटायचं. घर दोन दिवस शांत.

मागच्या रविवारी बाईंना नमुने दाखवावेत म्हणून निगेटिव्हचा डबा काढला. किडींची पाकिटं वेगळी. आठ पाकिटांवर बाबांच्या अक्षरात वर्ष आणि खाली ‘पक्षी’. पट्ट्या खिडकीशी धरल्या, भिंगातून पाहिल्या. एकाही पट्टीवर पक्षी नाही.

तू होतास. बाइंडिंगच्या दुकानाचं शटर उघडताना. सायकल भिंतीला टेकवताना. निगेटिव्हमध्ये केस पांढरेशुभ्र, चेहरा काळा, तरी मान वाकडी करून उभं राहणं तुझंच. तिसऱ्या पाकिटात वहिनी, कडेवर बाळ. पुढे ती मुलगी तुझ्या खांद्यावर, मग दप्तर घेऊन. सगळं रस्त्याच्या पलीकडून, गाड्यांच्या टपांवरून काढलेलं. दुकानाचा पत्ता बाबांनाही मामांनीच दिला होता, हे नंतर कळलं.

बाबा खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, “बाबा, पक्ष्यांच्या पाकिटांत पक्षी नाहीत.”

“कुठल्या वर्षीच्या?”

“सगळ्याच.”

त्यांनी खुर्चीचा हात चाचपला. मग म्हणाले, “आरसा वर करताना पेटी हलायची. निम्मे हललेले असतील.”

“नाहीत. स्वच्छ आलेत.”

“शेवटच्या पाकिटात पोरगी केवढी दिसते?”

“सात-आठची.”

“म्हणजे आता बारा,” ते म्हणाले. “रस्ता ओलांडायची घाई करते ती. कुणी हात धरत नाही.”

मला राग आला. म्हटलं, “रस्ता तुम्ही का नाही ओलांडलात? आठ वेळा गेलात!”

“त्यानं नोकरी सोडली तेव्हा रागात बोललो होतो, तोंड दाखवू नकोस म्हणून. वाटलं होतं, लिहील. त्यानं एक ओळ लिहिली नाही. मग कुठल्या तोंडानं जाणार?”

दादा, एवढं सगळं लिहून झालं, आता टाळता येत नाही. तू लिहिलं होतंस. गेल्यावर सहा महिन्यांनी, बाबांच्या नावानं. ‘चुकलो, लग्न केलंय, हिला घेऊन येऊ का?’ ते मी फोडलं. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, आणि माझं ठरलेलं लग्न त्यापायीच मोडलेलं. तू नोकरी सोडून मोकळा झालास, घर माझ्या गळ्यात पडलं, आणि आता तू बायको घेऊन पाहुण्यासारखा येणार, असं वाटलं. पाकीट परत चिकटवलं. वर बाबांच्या अक्षराची नक्कल करून ‘घेण्यास नकार’ लिहिलं आणि पोस्टात दिलं. आई गेली तेव्हा तुला कळवलं नाही, मामांनाही कळवू दिलं नाही, तेही याच भीतीनं. तू आलास तर उघडं पडेल म्हणून.

हे बाबांना त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, “चहा ठेव,” म्हणाले, आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दाराचंसुद्धा विचारलं नाही. चौथ्या दिवशी दाढी करताना गालावर साबण असतानाच म्हणाले, “त्याला लिही. माझ्या वतीनं नको, तुझ्या वतीनं लिही.”

म्हणून लिहितेय. माफी मागायला तोंड नाही, आणि खरं सांगायचं तर ताकदही उरलेली नाही. कॅमेरा उद्या बाईंकडे जाईल. आठ पाकिटं मी ठेवून घेतली आहेत, ती तुझी आहेत.

बाबांना लिहिलंस तर ते त्यांना मलाच वाचून दाखवावं लागेल. शब्दही गाळणार नाही. पण माझ्यावर तेवढा भरवसा तू का ठेवावास? तेव्हा स्वतःच ये, आणि पोरीला आण. तिचा आवाज त्यांनी अजून ऐकलेला नाही.

तुझं पत्र फोडणारी,
तुझी धाकटी बहीण