हॉस्पिटलआधीची वाट

ता. १४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही ठीक आहोत. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत, तरी तोंडाचा पट्टा चालूच. तुझ्या भावजयीने तुझ्यासाठी शाल विणायला घेतली आहे. रंग भडक आहे, पण नावं ठेवू नकोस.

भावजी सांगत होते, तू गाडीला हात लावत नाहीस, बसने कामावर जातेस. म्हणून हे पत्र. फोनवर माझी जीभ रेटत नाही.

महामार्गावर आमच्या ऑफिसने टोलची जलद लेन बांधली, तेव्हा मीच तुझ्यापुढे फुशारकी मारली होती. बाबांना न्यायची वेळ आली तर गर्दीत अडकू नकोस, टोल भरून आतल्या लेनने ये, हॉस्पिटलच्या आधी, लेन वेगळी करणाऱ्या खांबांच्या ओळीत, बाहेर पडायला वाट ठेवली आहे. त्यांच्या छातीत कळ आली त्या गुरुवारी तू अगदी तसंच केलंस.

बाबा गेल्यावर सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "माझंच लक्ष नव्हतं. वाट मागे राहिली."

पुढची वाट सहा किलोमीटरवर. बाबांना खिडकीतून हॉस्पिटल दिसलं आणि मागे गेलं. तू हे सांगत होतीस तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, आणि मूग गिळून गप्प बसलो.

ताई, तिथे वाट नव्हतीच. गर्दीतले लोक टोल चुकवून तिथून आत घुसायचे. तक्रारी आल्या, म्हणून त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी दुपारी, मी माणसं लावून ती बंद केली. अकरा खांब. नियम असा की आधी ‘वाट बंद’ असा फलक लावायचा, मग वाट बुजवायची. फलक रंगून शुक्रवारी येणार होता, आणि मला साहेबांना काम झालेलं दाखवायची घाई. तुला एक फोन करावा, एवढंही सुचलं नाही.

ऑफिसात मी हे लिहून दिलंय. तुला सांगायला मात्र तीन आठवडे लागले. लाज वाटते.

तुझं लक्ष होतं. ज्यांच्यासमोर तू दोष अंगावर घेतलास, त्या सगळ्यांना हे वाचून दाखव. रविवारी येतो. दार उघडलं नाहीस तरी जिन्यात बसेन.

ज्याचं ऐकून तू त्या लेनमध्ये शिरलीस,
तो तुझा भाऊ