कोणती बाजू थंड

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की माझ्या दवाखान्यात तुम्हाला पाहिलेलं एकही माणूस उरलेलं नाही. तरी गेल्या सोमवारी ऑपरेशन आटोपून हात धुताना मी मोठ्यांदा म्हणाले, "पाहा सर, वाचली!" सिस्टर इकडेतिकडे बघायला लागल्या, कोणते सर आले म्हणून. आता कोणाकोणाला सांगत बसू? अमरावतीला तुमच्या हाताखाली मी चार वर्षं काढली, मग अकोल्याला येऊन स्वतःचा दवाखाना टाकला, आणि तुम्ही एकदा येतो येतो म्हणत राहिलात आणि आलाच नाहीत. त्याचा राग मला अजून आहे, हेही लगे हाथ सांगून टाकते. आज रविवार आहे, ओपीडी बंद आहे, कूलरसमोर बसून लिहिते आहे.

वरूडचा तो मुलगा तुम्ही विसरला नसाल. संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामावर होता, अठरा-एकोणीस वर्षांचा, मालाच्या गाडीत बसून सकाळीच अमरावतीला आला. "पोटात दुखते," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दोन उलट्या झाल्या होत्या. मी पंचवीस वर्षांची, नवी नवी पास झालेली, लग्न व्हायचं होतं. पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. पायजम्याची नाडी त्यानं मुठीत घट्ट धरली होती, आणि खरं सांगायचं तर ती मूठ सोडवायची माझीही इच्छा नव्हती. ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहिलं, सलाइन लावलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. तुम्ही दुपारी राउंडला आलात, चादर वर केलीत, दोन सेकंद हात लावलात आणि माझ्याकडे पाहिलंत. अंडकोशातल्या गोळीला पीळ बसला होता. रक्ताची नळी आवळली की पाच-सहा तास हातात असतात, आणि ते सगळे मी सलाइनचे थेंब मोजण्यात घालवले होते. तुम्ही टाका घालून बाहेर आलात तेव्हा ट्रेमध्ये ती काळी पडलेली गोळी होती.

"काहून ओ डॉक्टरीणबाई," तुम्ही सगळ्या स्टाफसमोर म्हणालात, "त्याले लाज वाटली, समजलं. पेशंट हाये तो. तुले कायची लाज वाटली?" मी खाली पाहत उभी. "दोघाईच्या लाजेपायी त्याची एक गोटी गेली. एकावर बी संसार होते, लेकरं होतात, त्याचं काई नाई अडत. पण ते आज तुयापायी गेली, हे ध्यानात ठेव." मला वाटलं, आता बॅग भरावी आणि घरी जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडावं. मग तुम्ही बाहेर गेलात, बाकावर बसलेल्या त्याच्या बापाजवळ बसलात आणि म्हणालात, "आमच्याकडून उशीर झाला, भाऊ." आमच्याकडून! मी दारामागे उभी राहून ते ऐकलं. तुमचा इतका संताप आला होता आणि त्याच मिनिटाला तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत. मला वाटलं, चला, समजूत काढणार. कसलं काय! काकू चुलीवर भाकरी टाकत होत्या, आणि तुम्ही मला स्वयंपाकघरात उभं करून म्हणालात, "पाह्य, तव्यावर हात कसा धरते ते." काकूंनी तळहात नाही, हाताची मागची बाजू तव्यावर वीतभर वर धरली आणि म्हणाल्या, "अजून नाई तापला." मग तुम्ही दोन स्टीलचे ग्लास ठेवलेत, एक माठाच्या पाण्याचा, एक नळाच्या. डोळे मिटून, उलट्या हातानं सांग, कोणता थंड. ते आलं. मग दोन्हींत नळाचंच पाणी, एकात फक्त दोन चमचे माठाचं. काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अवो, पोरीले जेऊ तं द्या!" पण तुम्ही सोडलं नाही. पीळ बसलेली बाजू थंड लागते, सुजलेली बाजू गरम लागते, आणि बोटांनी फसायला होतं पण उलटा हात खोटं बोलत नाही, हे तुम्ही मला पिठलं-भाकरी वाढता वाढता शिकवलंत. आणि एक ताकीद दिलीत: "हात लावायच्या आधी विचारायचं, घरी काय केलं. आपले लोक दवाखान्यात यायच्या आधी काई ना काई करूनच येतात." मी अमरावती सोडली तेव्हा लोकांनी साडी दिली, पेन दिलं, आणि तुम्ही काय दिलंत, तर नेलकटर! वर म्हणालात, ज्या डॉक्टरची नखं वाढली त्याच्याजवळ कोणी पोरगा पुन्हा येत नाही.

तर आता नव्या गोष्टीकडे येते. दोन उन्हाळ्यांमागे माझ्या दवाखान्याची वायरिंग सारखी जळायची. वायरमन आला, त्यानं खिशातून मोबाइलला लावायचा बोटाएवढा कॅमेरा काढला आणि बोर्डावर धरला. पडद्यावर सगळा बोर्ड निळा आणि एकच जोड नारिंगी. "हा गरम होऊन राहिला, मॅडम. हात लावायचं कामच नाई," तो म्हणाला. मी त्याच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. माझा हात बघितला, टेबलावर ठेवून उचललेल्या हाताचा ठसा बघितला, चहाचा कप बघितला. वायरमन म्हणाला, "मॅडमले आवडला वाटते." अहो, आवडला काय, मला त्यात तुमचे ते दोन ग्लास दिसत होते! आठवड्याच्या आत मी तसला कॅमेरा मागवला.

तुम्ही असतात तर पहिल्यांदा खेकसला असतात, हे मला माहीत आहे. "हात काय भाड्यानं देल्ला काय?" असंच म्हणाला असतात. पण ऐकून तरी घ्या. तेल्हाऱ्याहून, बार्शीटाकळीहून मुलं येतात, समोर बाई डॉक्टर बघून अर्धी तर दारातूनच परत फिरतात. त्यांना मी सांगते, बाबा, हात नंतर लावीन, आधी नुसता फोटो, चेहरा येत नाही, रंग तेवढे येतात. मग मूठ सुटते. एक बाजू निळी दिसली की मी सोनोग्राफीची वाट बघत बसत नाही, थिएटरला फोन करते, सोनोग्राफी झाली तर झाली. कॅमेऱ्यावर ऑपरेशन ठरवत नाही, कॅमेऱ्यावर फक्त घाई ठरवते. प्रत्येकाची परवानगी घेऊन फोटो ठेवला, सोनोग्राफीत काय निघालं आणि उघडल्यावर काय निघालं ते शेजारी लिहिलं. बऱ्याचदा जमतं. काही वेळा साफ फसतं, विशेषतः आपल्या मे महिन्यात, माणूस उन्हातून आला की सगळाच्या सगळा नारिंगी. म्हणून आधी दहा मिनिटं गार खोलीत बसवायचं, मग फोटो. मुंबई-नागपूरच्या मोठ्या लोकांना हे किती पटेल मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की मुलं आता लवकर दाखवतात, आणि वरूडच्या मुलासारखी भिंतीकडे तोंड करून पडत नाहीत.

गेल्या सोमवारचा मुलगा बार्शीटाकळीचा. वीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. सकाळी सहाला मैदानावर पळताना कळ आली, तरी दोन फेऱ्या पूर्ण केल्या म्हणे, वा रे बहाद्दर! आईला सांगितलं, जांघेत शिर आखडली. साडेनऊला गाडीवर मागे आईला बसवून, स्वतः गाडी चालवत, तो अकोल्याला आला. फोटो काढला. दुखरी बाजू चांगली नारिंगी, दुसरीपेक्षा गरम. म्हणजे सूज, म्हणजे गोळ्या, म्हणजे घरी. पण मला तुमची ताकीद आठवली आणि मी विचारलं, "घरी काही शेक दिला का?" तो हळूच म्हणाला की बाहेर नंबर येईपर्यंत गरम पाण्याची बाटली मांडीत धरून बसला होता. मी उलटा हात लावला. वरची कातडी गरम, पण गोळी वर चढलेली, आडवी, दगडासारखी टणक. मांडीला आतून बोट फिरवलं की एरवी गोळी जराशी वर सरकते, ती जागची हलली नाही.

अकराच्या आत आम्ही आत होतो. जांभळी झालेली होती, दीड पीळ. पीळ उलगडला, कोमट पाण्याच्या फडक्यात गुंडाळली आणि भूलवाले डॉक्टर आणि मी घड्याळाकडे बघत उभे राहिलो. पाच मिनिटं काही नाही. मी मनात देवाला, तुम्हाला, कोणाकोणाला हाक मारली. मग कडेला गुलाबी झाक आली, ती पसरत गेली, आणि एक बारीकशी चीर दिली तर लाल रक्त आलं. लाल, सर! ती टाके घालून जागेवर बसवली, दुसरीही बसवली, म्हणजे तिला पीळ बसायचं भ्याव नको. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "मॅडम, सोळाशे मीटर कदीपासून पळू?" मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

कालच्या शनिवारी इथल्या डॉक्टरांच्या बैठकीत मी ही केस सांगितली, फोटो दाखवले. कॅमेरा कुठे फसतो तेही सांगितलं, आणि आमचे सर म्हणायचे, आधी विचारा, असं म्हणून तुमची ताकीद सांगितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक तरुण डॉक्टर उठून म्हणाला, मॅडम, असा प्रश्न सुचायला अनुभव लागतो. मी मान हलवली.

सर, मी विचारलं नव्हतं. वर लिहिलं ते आणि बैठकीत सांगितलं ते, दोन्ही खोटं आहे. बाहेर पंचवीस पेशंट बसले होते, दहा मिनिटांच्या जागी मी त्याला तीन मिनिटं बसवलं. नारिंगी बाजू पाहिली आणि मला बरंच वाटलं, हातही लावला नाही. चिठ्ठीवर सूज लिहिलं, पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, तो पँट चढवून उभा राहिला. तेवढ्यात त्याच्या आईनं दार ढकललं, हातात ओढणीत गुंडाळलेली स्टीलची बाटली. "बाई," ती म्हणाली, "पाणी निवलं. चहावाल्यापासून पुना भरून आणू काय? आत्ता उकळून राहिलं त्याच्याकडे." एवढंच. तेव्हा कुठे मी उलटा हात लावला. ती दोन मिनिटं उशिरा आली असती तर तो गाडी चालवत घरी गेला असता.

आणि मी काय केलं? तिच्यावर ओरडले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले, "कोणी सांगितलं होतं शेकायला? पोराचं वाटोळं केलं असतं ना!" ती बिचारी बाटली पोटाशी धरून उभी राहिली. ऑपरेशननंतर तिनं माझे पाय धरले आणि म्हणाली, "माया शेकापायी झालं असतं, बाई. तुमी होत्या म्हणून वाचला." मी म्हणाले, पुढे असं करू नका. असं म्हणाले मी! आता म्हणे ती गल्लीतल्या बायांना सांगत फिरते की माझ्या चुकीनं मुलगा जाणार होता, डॉक्टरीणबाईनं बरोबर ओळखलं. तिच्या गल्लीतली एक बाई काल पोराला घेऊन आली, वेळेत आली, शेक न देता आली. त्यालाही चांगलंच झालं. चांगलं झालं म्हणून तर ते जास्त लागतं.

हे तुम्हाला लिहिताना मला काही वाटलं नाही, कारण तुम्ही वाचणार नाही. त्या मुलाची आई उद्या, सोमवारी, त्याला घेऊन टाके दाखवायला येणार आहे. तिचं नाव, गाव, फोन, सगळं केसपेपरवर आहे, आणि सकाळपासून दोनदा मी तो पेपर काढून परत ठेवला आहे.