बिनलोण्याचा पाव

१४ ऑक्टोबर, दुपारी दोन
बेकरी, भट्टीशेजारचं टेबल

दादा,

नमस्कार. घरी सगळे ठीक असतील असं धरून चालतो. आईंचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे. विचारपूस झाली, आता भांडतो.

शनिवारी तुम्ही चिमणीला दवाखान्यातून घरी नेणार, असं तिने फोनवर सांगितलं. "आठवडाभर माझ्यासमोर ताट संपवायला लावतो, सगळी थेरं उतरतील," हे तुमचं वाक्यही सांगितलं. तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात म्हणून सांभाळून लिहितोय. नाहीतर कागद जळला असता.

थेरं? अहो, मागच्या महिन्यात मी तिच्यासोबत आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसलो होतो. माझ्यासारख्या कॉलेज सोडलेल्यालाही कळेल असं त्यांनी सांगितलं. दीड वर्ष अर्धपोटी राहिलं की पोटाचं कामच मंदावतं. चार घास गेले तरी तासन्‌तास तसेच बसतात, मळमळतं. मेंदू त्या मळमळीचा दोष घासावर टाकतो, मग पुढच्या वेळी नुसत्या वासानेच घशाशी येतं. त्यात काहींच्या जिभेला चव जन्मतःच जास्त बोचते. लहानपणी ती दुधाचा पेला बघून पळायची आणि तुम्ही नाक दाबून पाजायचात, हे तुम्हीच हसत सांगितलं होतंत ना? आणि जे वर्षानुवर्षं टाळलं, त्याची शिसारीच बसते. नाटक असतं तर त्याला मध्यंतर तरी असतं, दादा!

आणि तिला चिमणी केलं कुणी? "चिमणीएवढं खाते, गुणाची पोर," असं पाहुण्यांसमोर मिरवणारं घर तुमचंच. आता तीच पोर हट्टी झाली!

याला बोलायचा काय हक्क, असं तुम्ही म्हणाल. माझ्या माघारी मला 'अर्धवट पाववाला' म्हणता, माहीत आहे. पाववाला आहे म्हणूनच लिहितोय.

तिला चालणाऱ्या तीनच गोष्टी उरल्या होत्या. उकडलेला बटाटा, सफरचंद आणि माझा बिनलोण्याचा पाव. तो मी सगळ्यांआधी वेगळा मळायचो. "तुझ्या पावाची मला भीती वाटत नाही," असं ती एकदा म्हणाली, आणि त्या दिवशी मी आनंदाच्या भरात दोन ट्रे करपवले.

मग मलाच घाई झाली. वाटलं, हिच्या अंगी जरा लागू दे. पिठात लोणी घातलं. आधी चमचाभर, मग मूठभर. ती विचारायची, "नेहमीचाच ना?" मी म्हणायचो, "नेहमीचाच." पाचव्या दिवशी तिला उलट्या झाल्या. उरलेला तुकडा तिने कुस्करला आणि ओशट बोटं माझ्यासमोर धरली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाली.

तेव्हापासून तिला पाव बघवतही नाही. तिनाचे दोन मी केले, दादा. भेटायला गेलो की माझ्या शर्टाला भट्टीचा वास येतो, म्हणून ती खिडकी उघडते. मला वाईट वाटू नये म्हणून "उकडतंय" म्हणते.

तुम्ही नाक दाबून केलंत, मी लपवून केलं. तुमच्यावर इतका चिडलोय, त्यातला निम्मा राग माझ्या वाटणीचा आहे. पण निम्मा तुमचाच, तो घ्या.

दवाखान्यात आता कशात काय आहे ते आधी सांगतात, तिच्या डोळ्यांदेखत वाढतात. परवा तिने अर्धा चमचा दही गिळलं. तुमच्या भरल्या ताटात अर्धा चमचा दिसणारही नाही. त्याला तीन आठवडे लागले. शनिवारी एका बैठकीत ते मातीत घालू नका.

मी यापुढे भेटायला जाणार नाही. आमच्या लग्नाचा विषयही काढणार नाही. तुम्हाला हेच हवं होतं ना? मग बदल्यात तिला तिथेच राहू द्या. भेटायचंच असेल तर डबा न नेता जा, शेजारी बसा, आणि तिने काही विचारलं तर खरं सांगा. "नेहमीचंच" म्हणू नका.

तिच्या खिडकीपासून लांब राहणारा,
तुमचा अर्धवट पाववाला