आज जेवणाआधी ते मागू नका

हिलरी,

कोंबड्यांना दाणे घातलेत. तुझे गमबूट धुऊन मागच्या दाराशी ठेवलेत. ॲपल पाय ओव्हनमध्ये आहे, माझा तुकडा क्लेमंटला दे. मी दुपारच्या बसने आईकडे निघालेय. स्टँडवर धावत येऊ नकोस.

तुम्ही दोघं चर्चमध्ये फुलं लावायला गेलात आणि गॅरेथचा फोन आला. त्याला आणि त्या बाईला मुलगी झाली. "तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं," म्हणाला आणि वर स्वतःच रडला. मीच त्याची समजूत काढत बसले, काय सांगू!

इतकी वर्षं तुमच्या टेबलाशी माझा आणि गॅरेथचा हात धरून क्लेमंट म्हणायचा, "देवा, गॅरेथच्या घरी पाळणा हलू दे." सूप गार व्हायचं, तू त्याला टेबलाखालून लाथ मारायचीस. ऐकलं बघ देवाने. घर तेवढं चुकलं.

आणि आता रोज "गॅरेथला हिच्याकडे परत आण" चाललंय. रविवारी तर सगळ्या चर्चने तेच मागितलं. तुमची माया कळते गं मला. पण आज जेवणाआधी ते मागू नका. त्या पोरीला बाप हवा. तो तिथेच राहू दे, असं मागा.

माझी खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवलीय. तुम्ही दोघंच एकमेकांचे हात धरा. "तो तिथेच राहू दे" यावर आमेन म्हणणं मला आज जमणार नाही, म्हणून चाललेय.

रोझमंड